हिलाल आता चरतोय, अण्णा

अण्णा, काल सालेमचा फोन आला होता. हिलाल बरा आहे म्हणाला. लसूणघास खातोय, पाणी पितोय, सकाळी दार उघडायला उशीर झाला की दाराला धडका देतोय. बोलता बोलता सवयीनं म्हणाला, "बाबा को बोलना..." आणि मध्येच थांबला.  मग तो "खलास, ठीक है" असं काहीतरी पुटपुटला आणि त्यानं फोन ठेवला. तर निरोप पोहोचवते आहे.

पेपरात द्यायचा मजकूर निखिलनं लिहिला. शिक्षण, पशुधन विकास अधिकारी म्हणून कुठं कुठं नोकरी, निवृत्ती, मागे कोण कोण. सगळं बरोबर आहे. मुलानं वडिलांबद्दल लिहावं तसंच आहे. पण तो आठवडाभर कामासाठी दुबईजवळ जबल अलीला असायचा. इथं फुजैराला, या फ्लॅटमध्ये, सोमवार ते शुक्रवार तुम्ही आणि मी असायचो. त्या मजकुरात तुम्ही आणि सून एकमेकांशी भांडताय, असं एकही वाक्य नाही. म्हणून हे मी लिहितेय.

आई गेल्यावर आम्ही तुम्हाला करमाळ्याहून इकडे आणलं. तुम्ही 'आणलं' हाच शब्द वापरायचात. "मी आलो नाही, मला आणलं." पहिल्याच दिवशी तुम्ही खिडकी उघडायला गेलात आणि ती उघडतच नाही हे कळल्यावर काचेवर बोट वाजवून बघितलंत. "पोरी, हवा कुठून येते इथं?" मी छताकडं, एसीच्या जाळीकडं बोट दाखवलं. तुम्ही बराच वेळ त्या जाळीकडं बघत होतात.

मग तुमचा दिवस ठरून गेला. सकाळी मी आणि तुमची नात ईरा बाहेर पडलो की दार लावून घ्यायचं. काचेतून समुद्रात नांगर टाकून उभी असलेली तेलाची जहाजं बघायची. दुपारी वरण-भात गरम करायचा. संध्याकाळी ऊन उतरलं की इमारतीभोवती फेऱ्या. खाली किराणा दुकानातल्या केरळी मालकाशी तुमची हिंदी जमायची नाही, लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांशी इंग्रजी. ईराशी तुम्ही मराठीत बोलायचात, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघांनाही कळायचं, पण गप्पा व्हायच्या नाहीत. रोज मी ऑफिसातून आले की तुम्ही चहाचा कप पुढं करायचात आणि विचारायचात, "माझ्या तिकिटाचं काय झालं?" मी म्हणायचे, "तिथं कोण आहे अण्णा तुमचं? रात्री-अपरात्री काही झालं तर?" तुम्ही म्हणायचात, "काही व्हायचं ते इथंही होईल." आपलं हे भांडण रोज त्याच वाक्यांनी सुरू व्हायचं आणि त्याच वाक्यांवर संपायचं.

सालेम माझा वरिष्ठ. तेलाच्या टाक्या असलेल्या ज्या टर्मिनलवर मी काम करते, तिथं आमच्या विभागाचा प्रमुख. भला माणूस, पण त्या दिवसांत माझं काँट्रॅक्ट नवं व्हायचं होतं आणि सही त्याची लागणार होती. त्यामुळं त्याच्याशी बोलताना मी जरा जपूनच असायचे. तुम्ही जनावरांचे डॉक्टर होतात हे माझ्याच तोंडून एकदा गेलं होतं. त्याला ते लक्षात राहिलं. एक दिवस केबिनमध्ये बोलावून त्यानं फोनवर फोटो दाखवला. तांबूस रंगाचा शामी जातीचा बोकड. गुडघ्यापर्यंत लोंबणारे कान, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. नुकताच विकत घेतलेला, नाव हिलाल. पुढच्या आठवड्यात शेळ्या-बोकडांचा शो होता आणि सालेमच्या सगळ्या चुलतभावांना ठाऊक होतं की या वर्षी तो उतरणार. "बाबा को लेके आओ. देखके खुश हो जाएगा."

तुम्ही खरंच खूश झाला होतात. शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. डोंगराच्या पायथ्याशी त्याचा इझबा, म्हणजे शेळ्यांचा वाडा. चारी बाजूंनी भिंत, लोखंडी फाटक, आत बाभळीसारखी चार झाडं. गाडीतून उतरल्या उतरल्या तुम्ही जोरात श्वास घेतलात. लेंड्यांचा आणि सुक्या गवताचा वास. ईरानं नाकाला रुमाल लावला. तुम्ही म्हणालात, "वा!"

हिलालला पांढऱ्या दाव्यानं बाहेर आणलं. निखिलनं फोटो काढला, ईरानं त्याच्या कानाला हात लावला. सगळे तोंड बघत होते. शोमध्ये तोंडच बघतात म्हणे. तुम्ही मात्र मागं जाऊन उभे राहिलात आणि त्याच्या बरगड्यांकडं बघत राहिलात. मग पुढं आलात, नाकपुडीखाली हात धरलात, ओलावा बोटांवर चोळून बघितलात. तुम्ही काय तपासताय ते मला कळलं नाही, पण तुमचा चेहरा बदललेला मला दिसला.

"ये बीमार है," तुम्ही म्हणालात.

सालेम हसला. "सफर की थकान है, बाबा. बहुत दूर से आया, बंद गाडी में."

"थकान नहीं. बुखार है. इसको अलग बांधो."

अलग कुठं? तो आल्या दिवसापासून बाकीच्या शेळ्यांत होता. एकाच हौदाचं पाणी, एकाच गव्हाणीतला चारा. तुम्ही मान हलवलीत. मी तुमच्या बाहीला हळूच ओढलं आणि मराठीत म्हटलं, "अण्णा, आपण पाहुणे आहोत इथं."

"पाहुणा तो बोकडही आहे," तुम्ही म्हणालात. "म्हणूनच म्हणतोय, वेगळा बांधा."

सालेमला मराठी कळत नाही, पण सूर कळतो. त्यानं आम्हाला खजूर आणि कहवा दिला, फाटकापर्यंत सोडायला आला, पण हसला नाही.

गाडीत मी तुमच्यावर ओरडले. "माझी नोकरी त्याच्या सहीवर आहे अण्णा. ईराची शाळा, या घराचं भाडं, सगळं त्याच्या एका सहीवर. तुम्हाला नाही कळत इथलं." निखिल गाडी चालवत होता.  घराच्या लिफ्टमध्ये शिरताना तुम्ही म्हणालात, "त्याला श्वास घ्यायला त्रास होतोय, मेधा. मी काय बघून न बघितल्यासारखं करू?"

सोमवारी सालेमनं मला केबिनमध्ये बोलावलं.  त्यानं दार लावलं आणि खुर्चीत न बसताच म्हणाला, "खाता नहीं है. खांसता है. बाबा को बोलो, मैं गाड़ी भेजता हूं."

त्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेऊन तुमच्याबरोबर वाड्यावर आले. हिलाल मान खाली घालून उभा होता, पुढच्या पायांची कोपरं बाहेर फेकलेली, प्रत्येक श्वासाला पोट आत ओढलं जात होतं. सालेमनं सांगितलं, ज्यानं बोकड विकला तो व्यापारी फोनवर म्हणतोय की एक इंजेक्शन द्या, दोन दिवस उभा राहील, शो करा, आणि तिथंच कुणाला तरी विकून टाका. इंजेक्शन आणलेलंही होतं. त्यानं ते तुमच्यापुढं धरलं. "आप डॉक्टर है. आप दे दो."

तुम्ही हात मागं घेतलात. "यहां मैं डॉक्टर नहीं. मेरा रजिस्ट्रेशन यहां नहीं चलता. सरकारी डॉक्टर बुलाओ."

"सरकारी डॉक्टर आएगा तो फाटक बंद करेगा! कुछ अंदर नहीं, कुछ बाहर नहीं. मेरा शो गया. सब भाई लोग हंसेगा."

तो तिथंच येरझाऱ्या घालायला लागला. तेव्हा मला त्याची भीती वाटेनाशी झाली, कारण तोही अडकला होता. डॉक्टरला बोलवावं तर नामुष्की, न बोलवावं तर बाकीच्या शेळ्या.  निखिलचा फोन आला, तो मी स्पीकरवर ठेवला. "अण्णा, यात पडू नका," तो म्हणाला. "मेधाचं काँट्रॅक्ट होऊ दे आधी. प्लीज."

तुम्ही फोनकडं बघितलंही नाहीत. सालेमच्या खांद्यावर हात ठेवलात. मी शरमून गेले, आमच्या ऑफिसात त्याच्या खांद्यावर कुणी हात ठेवत नाही. तुम्ही तुमच्या मोडक्या हिंदीत म्हणालात, "बेटा, तुम बेचेगा. वो दूसरे के बाड़े में जाएगा. उधर भी कोई सालेम होगा. उसको कौन बोलेगा?"

सालेमनं हातातलं इंजेक्शन खिशात टाकलं. मग त्यानं फोन लावला.

सरकारी डॉक्टर म्हणजे एक तरुण इजिप्शियन बाई निघाली. तिनं रक्त घेतलं, नाकातला नमुना घेतला, आणि फुप्फुसाचा एक साथीचा आजार असू शकतो म्हणाली. तुम्हालाही तीच शंका होती. अहवाल येईपर्यंत वाडा बंद. हिलालला मागच्या खोलीत वेगळं ठेवायचं, त्याला बघणारा माणूस दुसऱ्या शेळ्यांत जाणार नाही. वाड्यावर गुलजार एकटाच कामाला होता, आणि त्याच्यावर सगळ्या कळपाचं काम. बाईनं विचारलं, मग या बोकडाला कोण बघेल?

तुम्ही हात वर केलात. शाळेतल्या मुलासारखा.

तुम्ही तिथं राहिलात, वाड्यातल्या पत्र्याच्या पोर्टा केबिनमध्ये. मी नको म्हटलं, निखिल नको म्हणाला, फोनवर आवाज चढले. तुम्ही म्हणालात, "इंजेक्शन ती बाई देईल. मी नुसता जवळ बसेन. त्याला कुणी मना करू शकत नाही."

रोज ऑफिस सुटल्यावर मी डबा घेऊन यायचे. फाटक उघडायचं नाही, म्हणून वरून डबा द्यायचा आणि कालचा रिकामा घ्यायचा. तुरुंगात भेटायला आल्यासारखं. पण आत तुम्ही होतात आणि तुमचा आवाज मोकळा झाला होता. "आज चार घास खाल्ले त्यानं. रवंथ केला थोडा. गुलजारला मी भाकरी थापायला शिकवतोय, पण त्याची नानच होते." फाटकाच्या फटीतून तुमच्या शर्टावरचे गवताचे तुकडे दिसायचे. परत जाताना गाडीत एसी, गाणी, मोकळा रस्ता, आणि मला वाटायचं, बंद फाटकाच्या आत मीच चाललेय. हे तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही हसला असतात.

शो झाला. हिलाल गेला नाही. सालेम त्या दिवशी ऑफिसात आला नाही.

आणि मग अहवाल आला. साथीचा आजार नव्हता. लांबच्या प्रवासात, बंद गाडीतल्या उष्म्यानं धरलेला साधा न्यूमोनिया. बाकी कुणाला धोका नव्हता. म्हणजे वाडा बंद केला तो, शो बुडाला तो, सगळं एका शंकेपायी.  डबा घेऊन आले तर सालेम आधीच पोचला होता आणि फाटक प्रथमच उघडं होतं. तुम्ही उलट्या बादलीवर बसला होतात. तो समोर उभा.

"बाबा, आपकी वजह से मेरा शो गया."

"हां. गया."

"बीमारी तो वो थी ही नहीं."

"नहीं थी. मैं गलत निकला. अच्छा हुआ."

मी डोळे मिटले. वाटलं, एकदा तरी सॉरी म्हणा अण्णा.

सालेम म्हणाला, "और बकरा?"

"है," तुम्ही म्हणालात आणि मागच्या खोलीकडं बोट केलंत. "इंजेक्शन देके शो में खड़ा करता, तो नहीं होता."

सालेम आत गेला.  बाहेर आल्यावर त्यानं माझ्या हातातला डबा घेतला, उघडून बघितला आणि विचारलं, "ये पीला वाला क्या है?" पिठलं होतं. तो तुमच्या शेजारी जमिनीवर बसला आणि तुम्ही दोघांनी एकाच डब्यातून खाल्लं. पुढचे काही दिवस ऑफिसात तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.  मग एक दिवस कागद सही होऊन माझ्या टेबलावर आले. 

पण तुमच्यावर मला एक राग आहे, तो अजून गेलेला नाही. हिलालच्या बरगड्या लांबून बघून तुम्ही ओळखलंत, आणि स्वतःला धाप लागत होती ते कुणाला सांगितलं नाहीत. नंतर गुलजारनं सांगितलं, "बाबा पानी की बाल्टी लेके आधे रास्ते में बैठ जाते थे. बोलते थे, पहाड़ देख रहा हूं." घरी आल्यावर पायांवर सूज दिसली तेव्हा मी तुम्हाला जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. हृदयाची झडप. डॉक्टर म्हणाले, प्रोसिजर होईपर्यंत विमानप्रवास नाही. म्हणजे निखिलनं तुमचं तिकीट बघायला सुरुवात केली, नेमकं तेव्हाच. तो खरंच बघत होता अण्णा. वाड्यावरून तुमचा आवाज ऐकून त्यालाही काहीतरी कळलं होतं. पण आता काय? इथं ठेवलं की कोंडल्यासारखं, पाठवावं तर वाटेतच काही होईल. यात कुणाची चूक नव्हती, म्हणून तर कुणावर ओरडताही येत नव्हतं.

तरी आपण ओरडलो. मी तेव्हा नाही म्हटलं, आजही नाहीच म्हणेन. तुम्ही विमानात बसला असतात आणि तिथं काही झालं असतं, तर मी स्वतःला काय सांगितलं असतं? तुम्ही म्हणाला असतात, "काही सांगायची गरज नाही." हे भांडण माझ्याकडून संपलेलं नाही. समोर कुणी नाही म्हणून मी जिंकले असं मी मानत नाही.

तुम्ही गेलात ते दुपारी, खुर्चीत, मी ऑफिसात असताना. अंत्यसंस्काराला दोन गाड्या भरून लोक आले होते. त्यातले निम्मे तुम्हाला ओळखत नव्हते, निखिलबरोबर काम करणारे होते. सालेम पांढऱ्या कंदुऱ्यात, त्यांच्या त्या पायघोळ अंगरख्यात, स्मशानभूमीच्या बाहेर उन्हात उभा होता, शेजारी गुलजार. आत या म्हटलं तर म्हणाला, "तुम लोग का तरीका है, मैं इधर ठीक हूं." सगळं संपेपर्यंत तो सावलीत गेला नाही. अस्थी निखिल करमाळ्याला घेऊन गेला. त्याच्या शेजारच्या सीटवर ती पिशवी होती म्हणे, आणि पट्टा लावायला सांगणारी हवाई सुंदरी पिशवी खाली ठेवा म्हणाली, तेव्हा तो रडला.

आता ते सांगते, जे कुणालाच सांगितलेलं नाही.

आपलं शेवटचं भांडण तुम्ही जायच्या आदल्या आठवड्यातलं. तुम्ही म्हणालात, "जनावराला दावं दिसतं तरी, मेधा. ते ओढून बघतं. मला तुम्ही मायेनं बांधलंय, ओढताही येत नाही." आणि मी, हातात ईराचा युनिफॉर्म, गॅसवर दूध, कानात ऑफिसचा कॉल म्यूट केलेला, तुमच्यावर किंचाळले, "मलाही कुणी सोडलेलं नाही अण्णा! तुम्हाला निदान परत जायला एक घर आहे."

 दूध उतू गेलं. तुम्ही उठून गॅस बंद केलात, फडकं घेऊन ओटा पुसलात. मग पाठमोरेच म्हणालात, "तुला कुठं जायचं होतं?"

अण्णा, हे मला कधीच कुणी विचारलं नव्हतं. माझ्या बाबांनी नाही, निखिलनं नाही, मी स्वतःला नाही. मी कॉल अनम्यूट केला आणि "यस, आय ॲम हिअर" म्हणून दुसऱ्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा तुम्ही झोपला होतात. नंतर सांगू, असं मनात येत राहिलं.

मी उत्तर शोधतेय. रोज ऑफिसला जाताना सिग्नलवर शोधते. खरं सांगते, काही सापडत नाही. कॉमर्सला का गेले, इथं का आले, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बोलावलेलं आठवतं, मला जायचं होतं असं एकही आठवत नाही. तुमच्यापुढं ही कबुली द्यायला मला लाज वाटली नसती. तुम्ही "बरं, विचार कर" म्हणून पुन्हा ओटा पुसायला लागला असतात.

परवा जेवताना ईरा फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मी तिला विचारलं, "ईरा, तुला कुठं जायचंय गं?"

"आई, इट्स अ स्कूल नाइट."

"आत्ता नाही. एरवी."

तिनं फोन उलटा ठेवला. माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिला काहीतरी परकं विचारलंय. मग हळूहळू बोलायला लागली. कुठल्या कुठल्या गावांची नावं, एक बर्फाचा देश, एक समुद्रातलं बेट, आणि मग, "आजोबांचं करमाळा. आय वॉन्ट टू सी द प्लेस ही कीप्स टॉकिंग अबाउट."

'कीप्स' म्हणाली, अण्णा. मी दुरुस्त केलं नाही. ती सांगत होती, वरण गार झालं, आणि मी तिला एकदाही मध्ये थांबवलं नाही.